काच सुटली तर

पत्रक चार पानी होतं आणि गुळगुळीत कागदावर छापलेलं होतं. मालकाने ते कापायच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा मास्तरांनी आधी ते उचलून बाजूच्या खोक्यावर टाकलं. त्या टेबलावर काच, पट्टी आणि कटर याशिवाय काहीही ठेवायचं नाही हा त्यांचा कायदा होता, आणि तो आजच्या मालकाच्या बापालाही कधी मोडता आला नव्हता.

“वाचा तरी,” मालक म्हणाला.

मास्तरांनी चष्मा चढवला आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. “मन आणि शरीर यांचा एकत्र विचार करणारं समुपदेशन. पहिल्या सत्रात काय अपेक्षा ठेवाल? तुमचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं जाईल. तुमचा श्वास, तुमचं बसणं, शरीरातला ताण यांकडे लक्ष दिलं जाईल. कोणताही निवाडा केला जाणार नाही.” त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे मी तिथे जाऊन श्वास घ्यायचा? मग इतकी वर्षं इथे काय घेत होतो?”

कडा घासायच्या यंत्रावरचे दोघे खिदळले. मालक हसला नाही. त्याने सांगितलं की सहा सत्रं करायची, दर गुरुवारी, त्याची व्यवस्था कारखाना करेल. शेवटी त्या समुपदेशक बाईंचं पत्र आणायचं की मास्तर कामाला ठीक आहेत. पत्र आलं तर हे टेबल मास्तरांचंच. नाही आलं तर पुढे काउंटरवर बसायचं, कापलेल्या काचा कागदात गुंडाळून द्यायला.

काउंटरवर बसायचं म्हणजे काय, हे मास्तरांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तेहतीस वर्षं त्यांनी काउंटरवरच्या माणसाला माणसात धरलं नव्हतं. गुंडाळण्याचं काम कोणीही करू शकतो, असं ते त्या बिचाऱ्याच्या तोंडावर सांगत. आता तीच पाळी त्यांच्यावर येऊ घातली होती, आणि ज्यांचा त्यांनी आयुष्यभर पाणउतारा केला ते सगळे डोळे लावून बसले होते.

तसं पाहिलं तर मास्तर कोणाचाच पाणउतारा करायचं बाकी ठेवत नसत. कारखान्यात त्यांना समोर मास्तर म्हणत आणि पाठ फिरली की कटर. माप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ते विचारत, “खिडकी मोजलीत, की खिडकीला विचारून आलात?” नव्या कामगाराच्या हातून काच फुटली की ते काही न बोलता झाडू आणून त्याच्या हातात देत, आणि त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असं त्याला होई. पण काम? कामाला तोड नव्हती. काच कापणं म्हणजे खरं तर कापणं नसतंच. कटरच्या टोकाचं इवलंसं चाक काचेवर नुसती एक रेघ ओढतं, आणि मग दोन्ही बाजूंनी दाब दिला की काच आपणहून त्या रेघेवर तुटते. रेघ एका दमात, एका जोरात, या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली पाहिजे. मध्ये थांबलात की काच स्वतःच्या मनाने वाट काढते आणि मग ती कुठेही जाते. मास्तरांची रेघ तेहतीस वर्षं थांबली नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी ती थांबली. हात अर्ध्या वाटेवर आला आणि उभा राहिला. दुखणं नाही, कापरं नाही, मुंग्या नाहीत, नुसता उभा. पहिल्या आठवड्यात तीन मोठ्या काचा फुटल्या. मास्तरांनी कटरला दोष दिला, मग टेबलावर अंथरलेल्या लोकरी नमद्याला, मग काचेच्या मालाला. नवा कटर आला, नवा नमदा आला, हात आपला जागच्या जागी थांबत राहिला. हाडांच्या डॉक्टरने फोटो काढले, नसांच्या डॉक्टरने सुया टोचल्या, आणि दोघांनीही हात उत्तम आहे असं लिहून दिलं. मास्तरांनी ते कागद फाडले. उत्तम हात काय असतो हे त्या दोघांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं.

बाईंची खोली पहिल्या मजल्यावर होती, दातांच्या दवाखान्याला लागून. भिंतीपलीकडून दात कोरायच्या यंत्राचा आवाज अधूनमधून येई. खोलीत समोरासमोर नसलेल्या, जरा तिरक्या ठेवलेल्या दोन खुर्च्या, कोपऱ्यात रोपाची कुंडी, खाली जाड गालिचा, खिडकीला दुधी काच. काच हलक्या हाताने बसवली होती आणि वरच्या कोपऱ्यात तिला पुट्टी कमी पडली होती. मास्तरांनी हे सगळं दारातच बघून घेतलं आणि या बाईकडून काही होणार नाही हा निकाल देऊन टाकला.

बाई पस्तिशीच्या होत्या. आवाज बेताचा, कपडे साधे. “बसा काका. तुम्हाला हवं तिथे बसा.”

“मी तुमचा काका नाही. आणि हवं तिथे म्हणजे कुठे? दोनच खुर्च्या आहेत.”

“मग काय म्हणू तुम्हाला?”

“काही म्हणू नका. हात बघा आणि पत्र द्या.”

बाईंनी हात बघितलाच नाही. त्यांनी एक फॉर्म भरून घेतला: झोप कशी, भूक कशी, राग किती वेळा येतो. शेवटच्या प्रश्नावर मास्तरांनी “आत्ता येतोय” असं लिहिलं. मग बाईंनी विचारलं, “हात थांबायच्या आधी शरीरात कुठे काही जाणवतं?”

“हातात.”

“आणखी कुठे?”

“हात माझ्या शरीरातच आहे, मॅडम. वेगळा ठेवत नाही मी.”

बाई गप्प राहिल्या. गप्प म्हणजे खरोखर गप्प, घड्याळाकडे न बघता. मास्तरांना असली शांतता सहन होत नसे, म्हणून त्यांनी पायाने गालिच्याचा कोपरा उचकला. “हा बघा. वर आलाय. उद्या कोणीतरी तोंडावर आपटेल.” बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. “काय लिहिलंत?” मास्तर कडाडले.

“गालिच्याचा कोपरा.”

“माझ्या आजारात?”

“नाही, माझ्या कामात. चिकटपट्टी आणायची आहे.”

घरी आल्यावर मास्तरांनी बायकोला सांगितलं की सगळं थोतांड आहे. बायको आठ महिने तशी फारसं बोलतच नव्हती. स्टुलावर चढून पडदा लावताना ती पडली होती आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. मास्तर तेव्हा स्वयंपाकघरात होते. धाडकन आवाज झाला आणि ते धावत आले, असं त्यांनी डॉक्टरला सांगितलं, परगावच्या मुलीला फोनवर सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, पण चाल गेली ती गेलीच. आता ती पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंत धरून चालायची. जाऊन येऊन भिंतीवर कमरेच्या उंचीला हाताचा एक मळकट पट्टा उमटला होता. मास्तर हात पुढे करत तेव्हा ती तो बघायची आणि भिंत धरायची. हा तिचा तोरा आहे, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. एवढी मिजास असेल तर धर म्हणावं भिंत.

दुसऱ्या गुरुवारी बाई म्हणाल्या, “डोळे मिटा आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. पायाखाली काय लागतंय तेवढंच बघा.”

“डोळे मिटून काम करणाऱ्यांची बोटं मोजलीयेत मी. कोणाचीही दहा भरली नाहीत.”

“मग उघडे ठेवा.”

भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्याने जागा करून दिली की तो जास्तच चिडतो. मास्तरांनी पाय गालिच्यावर आपटूनच टेकवले आणि पायाखाली धूळ आहे असा शेरा मारला. मग बाईंनी त्यांच्या हातात पेन्सिल दिली आणि हवेत रेघ ओढून दाखवायला सांगितली. नेहमीसारखी, जणू समोर काच आहे अशी. पोरखेळ आहे, असं म्हणत मास्तर उठले, पाय रोवले, खांदा सैल केला आणि पेन्सिल ओढली. अर्ध्या वाटेवर हात थांबला.

काच नव्हती, माप नव्हतं, काही फुटणार नव्हतं, आणि तरीही हात थांबला. इतके महिने मास्तर स्वतःची समजूत घालत होते की हात बिचकतो तो काच फुटेल म्हणून.

“आत्ता श्वास कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

श्वास कुठेच नव्हता. “कापताना कोणी श्वास घेत नाही,” मास्तर खेकसले. “रेघ हलते.”

“मग कधी घेता?”

“रेघ संपली की.”

“आणि ती संपलीच नाही तर?”

मास्तर म्हणाले की शेजारच्या दवाखान्याचा आवाज फार आहे, इथे कोणाचं डोकं काय चालणार.

बाईंनी एक वही दिली होती. रोज संध्याकाळी तीन ओळी लिहायच्या, दिवसभरात शरीराने काय केलं याच्या. मास्तरांनी लिहिलं: ‘आज हात थांबला. जेवलो. भाजी खारट.’ दुसऱ्या दिवशी लिहिलं: ‘कालच्याप्रमाणे. भाजी बरी.’ असं आठवडाभर चाललं. तिसऱ्या सत्रात बाईंनी ती वही अगदी गंभीरपणे वाचली आणि विचारलं, “भाजी कोण करतं?”

“मीच. बायकोचं खुब्याचं हाड मोडलंय. स्टुलावरून पडली.”

“कधी?”

“आठ महिने झाले.”

“तुम्ही तेव्हा कुठे होता?”

“स्वयंपाकघरात.” हे उत्तर प्रश्न संपायच्या आधीच बाहेर पडलं.

बाईंनी मान हलवली. मास्तर ताडकन उभे राहिले. “जोडू नका! इकडचं तिकडे जोडायचं आणि हा घ्या तुमचा आजार म्हणून हातात द्यायचं, कळतात मला तुमच्या युक्त्या. हात वेगळा, घर वेगळं.”

“मी काहीच जोडलं नाही.”

“तोंडावर दिसतंय तुमच्या!” असं ओरडून ते दहा मिनिटं आधीच निघून गेले. जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की ते धापा टाकताहेत, आणि तेही उतरताना. तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या संध्याकाळी वहीत त्यांनी एक अक्षरही लिहिलं नाही.

चौथ्या गुरुवारी ते गेले ते फक्त टेबलासाठी. कारखान्यात मालकाने एका दुसऱ्या माणसाला ‘तात्पुरतं’ त्यांच्या टेबलावर उभं केलं होतं, आणि त्या माणसाने टेबलावर चहाचा कप ठेवलेला मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. आता पत्र मिळवायचं, मग त्यासाठी नाकाने श्वास घ्यावा लागला तरी बेहत्तर. ते मुकाट बसले. पाय टेकवले. बाई खिडकी लावायला उठल्या, कारण दवाखान्याचं यंत्र जोरात सुरू झालं होतं.

चिकटपट्टी बहुतेक निघाली होती. बाईंचा पाय गालिच्याच्या कोपऱ्यात अडकला आणि त्या थेट मास्तरांच्या दिशेने कोसळल्या. हात लांबवला असता तर मास्तरांना त्यांचा खांदा सहज धरता आला असता. पण मास्तर खुर्चीवर नव्हतेच. ते दोन पावलं मागे, भिंतीपाशी उभे होते, दोन्ही तळहात छातीसमोर उघडे, मान वळवलेली. बाई गुडघ्यावर आपटल्या.

“अहो, हात तरी द्यायचा!” त्या कळवळून ओरडल्या.

“निवाडा करणार नव्हतात ना?” मास्तर म्हणाले. तोंड तेवढं जागेवर होतं. मात्र तळहात खाली येत नव्हते.

बाई गुडघा चोळत तिथेच जमिनीवर बसल्या आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. “असे का उभे आहात?”

“असंच उभं राहायचं असतं!” मास्तरांचा आवाज चढला. “काच सुटली तर सोडायची. दोन पावलं मागे व्हायचं, हात वर, तोंड बाजूला. वाचवायला जायचं नाही. जो वाचवायला जातो त्याचं मनगट जातं, नस जाते, जीव जातो. पहिल्या दिवशी शिकवतात हे. तेहतीस वर्षांत मला एक टाका पडलेला नाही, तो त्यामुळेच. मी पोरांना लाथा घालून शिकवलंय, काच सुटली तर—”

“पण मी काच नाही हो,” बाई म्हणाल्या.

पलीकडचं यंत्र थांबलं. मास्तर खुर्चीत बसले. ते आपल्या तळहातांकडे बघत होते.

आतापर्यंत या गोष्टीतही तेच सांगितलं गेलं जे मास्तर जगाला सांगत होते. खरं असं होतं की ते स्वयंपाकघरात नव्हते. ते स्टुलाशेजारी उभे होते आणि त्यांनी बायकोचं कोपर धरलं होतं, कारण स्टूल डुगडुगतं हे त्यांना माहीत होतं. तीच म्हणाली होती, “धरा हं नीट.” स्टुलाचा पाय सरकला. तिचा भार त्यांच्या हातावर आला, आणि ज्या क्षणी भार आपल्या हातातून सुटतोय असं हाताला कळलं, त्या क्षणी हाताने तेहतीस वर्षं जे केलं तेच केलं. सोडलं. पाय दोन पावलं मागे गेले. मान वळली. आवाज झाला तेव्हा ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे होते, तळहात छातीसमोर, अंगावर एक ओरखडा नाही.

हे सगळं त्यांनी बाईंना सांगितलं. सांगताना ते बाईंवरच डाफरत होते, जणू स्टूल बाईंनी हलवलं होतं. मध्येच त्यांना रडू आलं आणि त्याचाही त्यांना राग आला.

बाई अजून जमिनीवरच होत्या. “घरी माहीत आहे हे?”

“नाही.”

“बायकोलासुद्धा?”

“ती पडत होती. पडणाऱ्याला काय दिसतं?”

बाईंनी यावर काही शहाणपणाचं सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “मला उठायला हात द्याल?” मास्तरांनी दिला. तो हात थांबला नाही, पण मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं.

घरी बायको जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलत होती. मास्तरांनी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच बोलून टाकलं. मी स्वयंपाकघरात नव्हतो, तुला धरलं होतं, मी सोडलं, मागे झालो. एका दमात, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बायकोच्या बोटांतली शेंग तेवढी सोलून झाली.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं.”

“आठ महिने लागले.”

“तुला माहीत होतं?”

“मी पडत होते, आंधळी झाले नव्हते. डोळे उघडे होते माझे. खाली आपटायच्या आधी मला शेवटचं काय दिसलं, सांगू? तुमचे तळहात.” तिचा आवाज चढला नाही आणि तेच मास्तरांना सोसेना. “त्याचंही मला काही वाटलं नसतं. माणूस घाबरतो. पण दवाखान्यात मी स्ट्रेचरवर तळमळत पडलेली, आणि तुम्ही डॉक्टरला सांगताय, मी स्वयंपाकघरात होतो. माझ्या समोर! मी मेले असते तर तेच खरं झालं असतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

ती सव्वीस वर्षं टेलिफोन खात्याच्या तक्रार खिडकीवर बसली होती. “खोटं बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नसतं,” ती म्हणाली. “ऐकून घेतलं की कधीतरी तो आपणहून थांबतो. तुमचं तोंड काही थांबलं नाही. हात थांबला.”

“हाताचं कारण हेच आहे असं तू कशावरून—”

“आठ महिने तोच विचार करत बसलेय मी इथे. दुसरं काम काय होतं?”

तिने सालं गोळा केली आणि टेबलाला रेटा देऊन उठली. मास्तर पुढे झाले, हात पुढे केला. “चल, आत सोडतो तुला.”

“नको,” ती म्हणाली. “भिंत आहे. ती मागे होत नाही.” आणि त्या मळकट पट्ट्यावर हात ठेवून ती एकेक पाऊल टाकत आत गेली. मास्तर मटाराच्या पातेल्याशी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणीतरी पुरतं कापलं होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी टेबलावरचा चहाचा कप उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, त्या तात्पुरत्या माणसाला बाजूला सारलं आणि सहा मिलिमीटरची मोठी काच टेबलावर घेतली. पट्टी लावली. चाक रॉकेलमध्ये बुडवलं. रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. तो बारीक, एकसारखा चर्र आवाज मध्ये कुठेही तुटला नाही. घासायच्या यंत्रावरचे दोघे यंत्र बंद करून बघायला आले. मास्तरांनी दाब दिला, काच सरळ दुभंगली, आणि त्यांच्या मनात आलं की याचा आनंद व्हायला हवा होता.

उरलेली दोन सत्रं त्यांनी पुरी केली. पाचव्यात ते जवळजवळ काहीच बोलले नाहीत, फक्त पायांखाली काय लागतंय ते बघायला सांगितलं तेव्हा बघितलं. सहाव्यात बाईंनी पत्र दिलं. मालकाने ते फायलीत लावलं आणि म्हणाला, “बघा, मी म्हणत नव्हतो?” मास्तर म्हणाले, “तू बरंच काही म्हणतोस.” म्हणजे कारखान्याच्या दृष्टीने सगळं ठीक झालं होतं.

त्याच रविवारी सकाळी बायको न्हाणीघरातून परत येत होती. मास्तर दाराशी टॉवेल घेऊन उभे होते. आताशा ते असेच तिच्या आसपास उभे राहत, हात पुढे न करता. उंबऱ्यावर तिचा पाय ओल्या फरशीवर जरा घसरला. जराच. तिने भिंतीचा कोपरा धरला आणि तोल सावरला, पडली काही नाही. पण तिने मान वर केली तेव्हा मास्तर दोन पावलं मागे होते. टॉवेल खाली पडला होता. तळहात छातीसमोर होते.

दोघांच्या मध्ये दोन पावलं फरशी होती आणि दोघंही त्या फरशीकडे बघत होते.

“बघा,” बायको म्हणाली.

मास्तरांच्या तोंडाशी उत्तरं आली होती. टॉवेल सटकला, मी उचलायला मागे झालो, फरशी ओली होती. तेहतीस वर्षांचं तोंड ते, त्याला काय कमी? “मागे झालो,” ते म्हणाले. “पुन्हा.”

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात माया होती असं काही कोणी म्हणू नये. नव्हती. मग तिने विचारलं, “हे जातं का? विचारलंत कधी त्या बाईला?”

पुढच्या गुरुवारी मास्तर जिना चढून वर गेले. बाईंनी दार उघडलं आणि गोंधळून वहीत बघितलं. “तुमची सत्रं संपली ना? पत्र मिळालं नाही का?”

“मिळालं.”

“मग हात पुन्हा थांबायला लागला?”

“हाताला काय धाड भरलीये? हात ठणठणीत आहे.” मास्तर आत आले. गालिचा काढून टाकलेला होता आणि नुसती फरशी होती, हे त्यांनी बघितलं. आपल्या खुर्चीत बसले. दोन्ही पाय, कोणी न सांगता, जमिनीवर टेकवले. “पाय,” ते म्हणाले. “ते अजून मागेच जातात.”

बाई समोर बसल्या आणि त्यांनी वही उघडली.

“आणि किती दिवस लागतील ते आधी सांगा,” मास्तर डाफरले. “घरून विचारलंय.”